आयेल्ट्स स्पीकिंगचा घरच्या घरी सराव: आधी काय, नंतर काय

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगची, म्हणजे तोंडी भागाची, तयारी बहुतेकांची एकाच ठिकाणी चुकते. आधी उत्तरं लिहिली जातात, मग ती पाठ होतात, आणि मोठ्याने बोलायला सुरुवात होते थेट परीक्षेच्या आठवड्यात. तोवर वही भरलेली असते, पण जिभेला सवय नसते. मग दोन महिने क्लास लावूनही बँड (नऊपैकी गुण) साडेपाचवर अडला की दोष नशिबाला.

इथे दिलेला क्रम उलटा आहे. आधी बोलायचं, मग स्वतःचं ऐकायचं, मग एक चूक दुरुस्त करून लगेच तेच पुन्हा बोलायचं. उत्तर लिहून काढायची पायरी यात कुठेच नाही. सोलापुरात, साध्या फोनवर, रोज चाळीस मिनिटं देऊन सहा आठवड्यांत होईल एवढाच हा सराव आहे.

## परीक्षेचा साचा

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांची असते. समोर एक परीक्षक, टेबलावर रेकॉर्डर. काही केंद्रांवर परीक्षक व्हिडिओ कॉलवर असतो. अकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग असे परीक्षेचे दोन प्रकार आहेत, पण दोन्हींची स्पीकिंग एकच.

पार्ट १ हा ४ ते ५ मिनिटांचा: ओळख आणि रोजच्या विषयांवरचे छोटे प्रश्न. पार्ट २ मध्ये हातात क्यू कार्ड, म्हणजे विषय आणि मुद्दे लिहिलेलं कार्ड, येतं, १ मिनिट तयारीला मिळतं आणि मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. पार्ट ३ पुन्हा ४ ते ५ मिनिटांचा: विषय पार्ट २ चाच, पण आता चर्चा सर्वसाधारण.

गुण चार गोष्टींना मिळतात आणि चारही सारख्या वजनाच्या आहेत: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा, आणि उच्चार. मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत. सोलापूर कंटाळवाणं आहे म्हणालात काय आणि स्वर्ग आहे म्हणालात काय, बँड तोच.

## पूर्वतयारी

फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. फोन फ्लाइट मोडवर टाकून टेबलावर, तोंडापासून दोनेक फुटांवर ठेवा. हातात धरला की नजर स्क्रीनवरच्या सेकंदांवर जाते आणि वाक्य मधेच तुटतं.

पंख्याकडे लक्ष द्या. डोक्यावर पंखा पूर्ण वेगात असला की रेकॉर्डिंगमध्ये शब्दाच्या शेवटचे स, फ, ट हे आवाज बुडतात, आणि तपासायचे असतात नेमके तेच. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे क्रूरपणा, पण दोन मिनिटांपुरता चालेल. नाहीतर पहाटे सहाला बसा. घराजवळ यंत्रमाग असेल तर खटखटीवर मात करायला माणूस नकळत ओरडून बोलतो आणि सगळी वाक्यं एकाच पट्टीत येतात. अशा वेळी वायरचा इअरफोन लावून त्याच्या माइकमध्ये हळू बोला.

याशिवाय लागेल ते असं:

- शंभर पानी वही. डाव्या पानावर तुम्ही जे बोललात ते, उजव्या पानावर दुरुस्ती.
- कोरे कागद आणि पेन्सिल. परीक्षेतही टिपणांना कागद-पेन्सिलच मिळते.
- तीस क्यू कार्डं: व्यक्ती, जागा, वस्तू, प्रसंग आणि सवयी असे पाच गठ्ठे, प्रत्येकात सहा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिली तरी उत्तम. प्रत्येक कार्डावर एक विषय आणि खाली चार मुद्दे. गठ्ठा कायम पालथा ठेवायचा.
- एक जोडीदार. त्याचं इंग्रजी चांगलं असायची गरज नाही. त्याने प्रश्न वाचायचा, घड्याळ बघायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. परीक्षक मान डोलावून दाद देत नाही, उत्तर कसं झालं ते सांगत नाही, आणि दोन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असताना थांबवतो. याची सवय घरीच व्हायला हवी. हसणारा भाऊ या कामाला नको.

चाळीस मिनिटांतली वीस बोलण्याची, वीस ऐकण्याची. ऐकण्याची वीस कुणालाच आवडत नाहीत आणि सगळे तीच गाळतात. परीक्षेला दोनच आठवडे उरले असतील तर पुढचे टप्पे १, २, ४ आणि ७ एवढेच करा.

## टप्पा १: तयारी न करता पहिलं रेकॉर्डिंग

पहिल्याच दिवशी, काहीही न वाचता, पूर्ण परीक्षा एका बैठकीत द्या: पार्ट १ चे आठ प्रश्न, गठ्ठ्यातलं एक कार्ड, पार्ट ३ चे चार प्रश्न. जोडीदार विचारेल, तुम्ही बोलाल, रेकॉर्डर चालू राहील. मधे थांबवायचं नाही, पहिल्यापासून घ्यायचं नाही आणि नंतर पुसायचं नाही. फाइलला तारखेचं नाव द्या. ती दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकली तर काय म्हणायचं होतं तेच कानात घुमत असतं आणि प्रत्यक्षात काय म्हटलं ते ऐकू येत नाही.

सावधान: पहिलं रेकॉर्डिंग वाईट निघतं म्हणून लोक 'आधी थोडं इंग्रजी सुधारतो, मग बोलतो' असं ठरवतात. ते 'मग' परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उगवतं.

## टप्पा २: स्वतःचं बोलणं कागदावर उतरवा

सगळ्या सरावाचा कणा हाच. पार्ट २ च्या रेकॉर्डिंगचं पहिलं एक मिनिट घ्या आणि जसंच्या तसं डाव्या पानावर उतरवा. 'अं', अडखळणं, दोनदा आलेला शब्द, सगळं. पहिल्यांदा या एका मिनिटाला पंधरा-वीस मिनिटं लागतील.

हे उतरवायचं देवनागरीत. कारण साधं आहे: इंग्रजी लिपीत लिहिताना हात सवयीने स्पेलिंग बरोबर लिहितो. तुम्ही 'ही आस्क मी' म्हटलेलं असतं, कागदावर मात्र भूतकाळाचा प्रत्यय आपोआप लागतो आणि चूक लपते. देवनागरीत कानाने ऐकलेलंच उतरतं.

एक नमुना घेऊ. कार्ड आहे: तुमच्या भागात तयार होणाऱ्या एखाद्या वस्तूविषयी सांगा. उतरवलेला मजकूर असा:

"माय सिटी इज फेमस फॉर चादर. इट इज, अं, मेकिंग इन द पावरलूम. माय फादर इज हॅविंग, इज हॅविंग वन चादर सिन्स ट्वेंटी इयर्स. अँड देन, अँड देन ही गिव्ह मी लास्ट इयर. इट इज व्हेरी व्हेरी गुड. इन समर ऑल्सो वी आर यूजिंग."

आता पेन्सिलने चार प्रकारच्या खुणा करा. दोन सेकंदांहून लांब थांबलात तिथे गोल. क्रियापदांखाली रेघ. उगाच परत आलेल्या शब्दांवर फुली. स्वतःलाच नीट ऐकू न आलेल्या शब्दाखाली नागमोडी रेघ.

वरच्या सहा वाक्यांत काय सापडतं?

- 'इज मेकिंग': चादर स्वतः काही करत नाही, ती केली जाते. 'इट इज मेड ऑन पावरलूम्स'.
- 'इज हॅविंग': मालकी सांगताना हे रूप चालत नाही. आणि वडिलांनी चादर गेल्या वर्षी देऊन टाकली असेल तर गोष्ट संपलेली आहे. म्हणून 'हॅड'.
- 'सिन्स ट्वेंटी इयर्स': मुदत सांगायची तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स'. 'फॉर ट्वेंटी यीअर्स', पण 'सिन्स टू थाउजंड अँड फाइव्ह'.
- 'गिव्ह मी': भूतकाळ नाही आणि काय दिलं तेही नाही. मराठीत 'मला दिली' म्हटलं की चादर समजून घेतली जाते. इंग्रजीत 'इट' म्हणावंच लागतं. शेवटच्या 'यूजिंग'पुढेही तेच हरवलंय.
- 'व्हेरी व्हेरी गुड': यातून काहीच कळत नाही. ऊबदार आहे, वजनदार आहे, धुऊन धुऊन मऊ होते, यातलं एक सांगा.

उजव्या पानावर दुरुस्ती: "माय फादर हॅड द सेम चादर फॉर ट्वेंटी यीअर्स बिफोर ही गेव्ह इट टू मी. इट गेट्स सॉफ्टर एव्हरी टाइम यू वॉश इट." अवघड शब्द एकही नाही, तरी बँड वर सरकतो तो अशाच वाक्यांनी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. वही बंद करा आणि तोच विषय लगेच पुन्हा एक मिनिट बोला. या वेळी लक्ष एकाच चुकीवर, फार तर दोन. पाचही एकदम पकडायला गेलात तर प्रत्येक वाक्यापुढे गोल येईल. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी क्रियापदाचा काळ, मग 'फॉर' आणि 'सिन्स', मग अनेकवचनाचा 'स'. 'अ' आणि 'द' सगळ्यात शेवटी. त्यांच्यावाचून अर्थ सहसा अडत नाही आणि त्यांच्यापायी आठवडे जातात.

मराठीतून थेट उतरणाऱ्या काही चुका बहुतेक वह्यांत सापडतात. लाईट बंद कर म्हणून 'क्लोज द लाईट', हवं 'टर्न ऑफ'. परीक्षा दिली म्हणून 'गेव्ह द एक्झाम', हवं 'टुक'. आज सकाळी म्हणून 'टुडे मॉर्निंग', हवं 'धिस मॉर्निंग'. आपल्या 'च'साठी दर वाक्यात 'ओन्ली'. 'डिस्कस्ड अबाउट'मधला 'अबाउट' जास्तीचा. 'वन ऑफ माय फ्रेंड'ला शेवटी 'स' हवाच. 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' आपल्याकडे चालतं, बाहेर त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणं असा होतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. आणि सोलापुरी 'की' जपून: "येतो की"ची सवय असलेल्यांच्या इंग्रजी वाक्यामागे 'नो?' किंवा 'ना?' चिकटून येतं. रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत ते स्वतःला कधीच कळत नाही.

तपासा: वहीत पाच उतारे झाल्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेली एकच चूक सांगता येते का? येत नसेल तर खुणा वरवर केल्यात. पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: पार्ट १

इथे फार वेळ घालवू नका. उत्तर दोन ते चार वाक्यांचं, पंधरा-वीस सेकंदांचं. थेट उत्तर, कारण आणि एक बारीक तपशील.

हवामान आवडतं का, असं विचारलं तर: "नॉट रिअली. इट्स ड्राय अँड व्हेरी हॉट, इस्पेशली इन एप्रिल अँड मे, व्हेन इट ऑफन गोज अबव्ह फॉर्टी डिग्रीज. आय डू लाइक द विंटर मॉर्निंग्ज, दो." एवढं पुरे.

सराव असा: जोडीदाराने घर, काम, जेवण, प्रवास, फोन, सुट्टी अशा वेगवेगळ्या विषयांवरचे वीस प्रश्न सरमिसळ करून विचारायचे. प्रश्न संपल्यापासून दोन सेकंदांत बोलणं सुरू व्हायला हवं. प्रश्न कळला नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" असं मोकळेपणाने विचारा. अंदाजाने भलतंच बोलण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

सावधान: 'सोलापूर इज अ हिस्टॉरिकल सिटी फेमस फॉर...' असा पाठ केलेला परिच्छेद लगेच ओळखू येतो. वेग अचानक वाढतो, आवाज सपाट होतो, आणि पुढच्याच साध्या प्रश्नाला गाडी अडते. असली उत्तरं ओळखायचं प्रशिक्षण परीक्षकांना दिलेलं असतं.

## टप्पा ४: पार्ट २

सर्वाधिक वेळ याला द्या, सहापैकी निदान अडीच आठवडे.

कार्ड वाचणं, १० सेकंद. विषयाआधी काळ बघा. घडून गेलेली गोष्ट विचारलीय, नेहमीची सवय की 'कराल तर काय कराल'? काळ चुकीचा धरला तर दोन मिनिटं सगळी क्रियापदं चुकतात.

टिपणं, ५० सेकंद. आठ-दहा शब्द, वाक्य एकही नाही. वाक्य लिहायला घेतलं की दीड ओळीत मिनिट संपतं. टिपणं तपासली जात नाहीत, म्हणून मराठीतही चालतात. एक मेख मात्र आहे: आठवण जागी करणारा शब्द मराठीत लिहा, पण बोलताना लागणारं अवघड नाम इंग्रजीतच लिहा. नाहीतर ऐन वाक्यात भाषांतर करत बसाल. चादरीच्या कार्डाचा कागद असा दिसेल:

थिक कॉटन, पॅटर्न बोथ साइड्स
आजी, ट्रंक
लूम, जॅकार्ड, नॉइज
वॉर्म, लास्ट्स
पुण्याची खोली

चार मुद्द्यांच्या चार ओळी आणि पाचवी राखीव. ही पाचवी ओळ फार कामाची: मुद्दे लवकर संपले तर बोलायला एक छोटा प्रसंग. इथे, पुण्याच्या भाड्याच्या खोलीत पहिल्या हिवाळ्यात तीच चादर अंगावर होती, एवढं.

बोलणं, २ मिनिटं. बहुतेक जण पन्नासाव्या सेकंदाला गप्प होतात. कारण विषयाची कमतरता नसते. प्रत्येक मुद्द्याला एक वाक्य देऊन ते चारही मुद्दे संपवून टाकतात. उपाय: प्रत्येक मुद्द्यावर 'आधी कसं होतं, आता कसं आहे' किंवा 'एकदा काय झालं' यातलं एक जोडा. वेळ साधारण अशी वाटा: ओळख २० सेकंद, मधल्या दोन मुद्द्यांना ३०-३०, आणि शेवटच्या 'का' किंवा 'कसं वाटलं' या मुद्द्याला निदान ४०. शेवटच्याच मुद्द्यात तुलना, कारणं, भावना येतात आणि व्याकरणाचा आवाका तिथेच दिसतो. दोन मिनिटांनंतर परीक्षक थांबवेल. वाक्य अर्धं राहिलं तरी त्याचे गुण कापले जात नाहीत, म्हणून समारोपाची घाई नको.

तीन फेऱ्या. एकच कार्ड लागोपाठ तीनदा बोला: पहिल्यांदा तीन मिनिटांत, मग अडीच, मग दोन. मजकूर तोच, वेळ कमी होत जातो, त्यामुळे फालतू थांबे आपोआप गळतात. पहिली आणि तिसरी फेरी रेकॉर्ड करा आणि गोल मोजा. नंतर ते कार्ड दहा दिवस गठ्ठ्याच्या तळाशी.

सावधान: तिन्ही फेऱ्यांतली वाक्यं शब्दशः तीच येत असतील तर सराव संपून पाठांतर सुरू झालंय. सुरुवातीचं वाक्य मुद्दाम बदला, बाकीचं आपोआप बदलेल.

आपले शब्द इंग्रजीत कसे सांगायचे. हुरडा, नंदीध्वज, शेंगाचटणी हे शब्द आले की लोक एकतर अडतात किंवा विषयच बदलतात. दोन्ही नको. शब्द उच्चारा आणि लगेच 'हे कशाच्या जातीचं आहे आणि त्याचं काय करतात' ते सांगा. हुरडा: "टेंडर ग्रीन सोर्घम, रोस्टेड ओव्हर अ फायर राइट देअर इन द फील्ड." नंदीध्वज: "अ व्हेरी टॉल डेकोरेटेड पोल दॅट मेन कॅरी इन द सिद्धेश्वर प्रोसेशन इन जान्युअरी." शेंगाचटणी: "अ ड्राय, स्पायसी पीनट चटनी, वी ईट इट विथ फ्लॅटब्रेड." नेमका शब्द नसताना दुसऱ्या शब्दांत समजावता येणं हे शब्दसंपत्तीच्या गुणांत धरलं जातं, म्हणजे इथे गावच्या शब्दाचा फायदाच आहे. फक्त दोन मिनिटांत असे दोनच शब्द आणा. पाच आणले की भाषण शब्दकोश होतं.

विषय निवडताना. आदर्श वाटणारी व्यक्ती विचारली की सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि आठवावेतच. पण सराव करून बघा: जन्म सोलापूरचा, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ साली तिथेच वारले. वीस सेकंदांत माहिती संपते आणि शंभर सेकंद उरतात. तेच शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींवर तुम्ही चार मिनिटं बोलाल, कारण त्यांचा आवाज, त्यांची मशीन, गिऱ्हाइकांशी त्यांची हुज्जत डोळ्यांसमोर आहे. पार्ट २ ला थोरवी लागत नाही, तपशील लागतो.

तपासा: गठ्ठ्यातलं कुठलंही न पाहिलेलं कार्ड घ्या. १ मिनिट ४० सेकंद ओलांडता आले आणि गोल चारच्या आत आले तर पार्ट ३ कडे वळा.

## टप्पा ५: पार्ट ३

इथली मोठी चूक एकच: 'लोक', 'समाज', 'सरकार' याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला 'माझे काका' असं उत्तर देणं. काका उदाहरण म्हणून शेवटी येऊ देत, सुरुवात त्यांच्यापासून नको.

उत्तर तीस ते पंचेचाळीस सेकंदांचं. मत, कारण, उदाहरण, आणि जमलं तर दुसरी बाजू. हातमागासारख्या पारंपरिक धंद्यांना सरकारने मदत करावी का? "आय थिंक सो, अप टू अ पॉइंट. इफ अ होल नेबरहुड डिपेंड्स ऑन वन ट्रेड, लूजिंग इट हर्ट्स एव्हरीवन, नॉट जस्ट द वीव्हर्स. बट मनी अलोन वोन्ट हेल्प अनलेस पीपल वॉन्ट टू बाय द प्रॉडक्ट." यात 'इफ' आणि 'अनलेस' आले, म्हणजे वाक्यांची ठेवण बदलली, आणि तेही ओढूनताणून नाही.

सराव: एकाच प्रश्नाला आधी होकारार्थी, मग नकारार्थी उत्तर द्या. मग तोच प्रश्न 'वीस वर्षांपूर्वी' आणि 'वीस वर्षांनी' असा फिरवून घ्या. तीन काळ, चार उत्तरं, पाच मिनिटं. विचाराला वेळ हवा असेल तर "आय हॅव्हन्ट रिअली थॉट अबाउट दॅट, बट..." एकदा चालेल. दर प्रश्नाला "दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन" म्हटलं की ते कानाला खुपतं. प्रश्न अवघड वाटला तर तो वेगळ्या शब्दांत सांगाल का, असं इथे विचारता येतं.

## टप्पा ६: उच्चार

गोऱ्यांसारखं बोलायची गरज नाही. ॲक्सेंटला गुण नाहीत, समोरच्याला जोर न लावता कळण्याला आहेत. ओढून आणलेला ॲक्सेंट दुसऱ्या मिनिटाला सुटतो आणि मग दोन माणसं बोलताहेत असं वाटतं.

रोज दहा मिनिटं, एका दिवशी एकच जोडी:

- मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. 'व्हेरी'त वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'वेदर'मध्ये ओठ गोल होतात, दात लागत नाहीत.
- 'फॅन'चा फ हा 'फळ'चा फ नव्हे. इथेही दात ओठावर, हवा घासून बाहेर.
- 'थिंक'मध्ये जिभेचं टोक दातांमध्ये. 'ठिंक' किंवा 'टिंक' झालं का, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐका.
- 'पेन' आणि 'पॅन', 'कोट' आणि 'कॉट': स्वर उघडला नाही तर शब्दच बदलतो.
- 'वॉक्ट', 'आस्क्ट', 'वॉश्ट': 'वॉकेड' नाही. 'निडिड', 'वाँटिड' मध्येच जास्तीचा अवयव (सिलॅबल) येतो.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, आणि सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, तर आणखी दोन गोष्टी तपासा: शब्दाअखेरी येणारा 'उ', म्हणजे 'बस'चं 'बस्सु', आणि सुरुवातीच्या स्वरापुढे येणारा य किंवा व, म्हणजे 'येग' आणि 'वोन्ली'.

यापेक्षा महत्त्वाचा आहे शब्दातला जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत जोर चुकला की ओळखीचा शब्दही परका वाटतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. 'हॉटेल'चा 'टेल'वर, 'डिव्हेलप'चा 'व्हे'वर. वहीत जोराच्या अक्षरावर ठिपका द्या.

फोनचं इंग्रजी व्हॉइस टायपिंग यासाठी फुकटचा परीक्षक आहे. सुटे शब्द बोला आणि काय उमटतं ते बघा. पूर्ण वाक्य दिलंत तर ते संदर्भावरून अंदाज बांधतं आणि तुमची चूक झाकतं.

## टप्पा ७: पूर्ण मॉक

मॉक म्हणजे खऱ्यासारखी पूर्ण सराव परीक्षा. शेवटच्या दोन आठवड्यांत दर तीन दिवसांनी एक. जोडीदार बदला. ओळखीच्या चेहऱ्यासमोर जमलेलं अनोळखी चेहऱ्यासमोर सुटतं. आपल्या घरात, पलंगावर मांडी घालून नको. दुसऱ्याच्या घरी, टेबल-खुर्चीवर आणि तुमच्या स्लॉटच्याच वेळी. शेवटचा मॉक परीक्षेच्या दोन दिवस आधी घ्या आणि पहिल्या दिवसाच्या फाइलशी ताडून बघा: गोल किती घटले, फुल्या किती, रेघा किती. नवीन शब्द या दिवसांत अजिबात नको.

## परीक्षेचा दिवस

स्पीकिंगची तारीख वेगळी पडू शकते, लेखी परीक्षेच्या आधी किंवा नंतर आठवड्याभरात. ईमेल नीट वाचून दोन्ही तारखा आणि दोन्ही पत्ते वहीत उतरवा. नोंदणीला दिलेला मूळ पासपोर्ट सोबत हवा, झेरॉक्स चालत नाही. केंद्र पुण्याचं असेल आणि स्लॉट सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच जा. सोलापूरहून रेल्वेने तीन-चार तास धरा, त्यात पुण्याचं ट्रॅफिक वेगळं. दुपारचा स्लॉट असेल तर सकाळची गाडी चालते, पण तिच्या वेळेवर येण्याच्या भरवशावर एक तासाचीच फट ठेवू नका.

वाटेत घरच्यांशी मराठीत गप्पा मारत गेलात की पहिली दोन उत्तरं अडखळतात. आत जायच्या आधी वीस मिनिटं स्वतःशी हळू आवाजात इंग्रजी बोला: समोर काय दिसतंय, सकाळी काय खाल्लं, काहीही. फोन आणि घड्याळ बाहेर ठेवावं लागतं, म्हणून दोन मिनिटं किती लांब असतात ते अंगात मुरलेलं हवं. परीक्षक मधेच थांबवेल, कागदावर काही लिहील, हसणार नाही. त्याचा अर्थ लावू नका. 'सर' किंवा 'मॅडम' एकदा म्हटलंत तरी पुरे, दर उत्तराआधी नको.

बाहेर पडताना टिपणांचा कागद आणि पेन्सिल टेबलावरच ठेवायची.